घाटात उभं राहिलं की धाप, बसलं की कंबर: दुखणं नेमकं कुठं आहे?

साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट सायकलने चढणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "बसून चढवत नाही, आणि उभं राहिलं की दोन वळणांत धाप लागते." ऐकायला दोन दुखणी वाटतात, पण मूळ बहुधा एकच निघतं. सायकलला पुरेसा हलका गिअर नसतो, नाहीतर असून वापरला जात नाही. मग गिअर संपले म्हणून माणूस सीटवरून उठतो, दमला म्हणून परत बसतो, आणि बसल्यावर तोच जड गिअर कंबरेनं ओढत राहतो. उभं राहणं वेगळं आणि उभं राहावं लागणं वेगळं. तंत्राकडे वळायच्या आधी आपलं यातलं काय होतंय ते ठरवा.

आधी गिअर मोजा

पुढच्या सगळ्यात लहान चेनरिंगचे (पेडलजवळच्या दातेरी चक्राचे) दात आणि मागच्या चाकावरच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे दात मोजा. आकडा बहुतेक वेळा धातूवरच कोरलेला असतो, फक्त ग्रीस पुसावं लागतं. पुढचा आकडा भागिले मागचा. उत्तर १ च्या आसपास किंवा खाली आलं तर आपल्याकडच्या घाटांना गिअर पुरेसा आहे. १.२ आलं तर पसरणी घाट निघेल, यवतेश्वरच्या अंगावर येणाऱ्या टप्प्यांत ओढाताण होईल. दीडच्या वर असेल तर तंत्राला दोष देण्यात अर्थ नाही.

हे आकड्यांत बघू. ७० किलोचा माणूस, सायकल-पाणी-पंप धरून एकूण ८२ किलो, चढ ८ टक्के, आणि पायांची ताकद सातत्यानं १६० वॉट. वेग निघतो ताशी साधारण ८ किलोमीटर. पुढे ३९, मागे २५ असा जुन्या धाटणीचा गिअर असेल तर या वेगाला पेडलचे मिनिटाला जेमतेम ४० फेरे होतात. पुढे ३४, मागे ३४ असेल तर त्याच ताकदीत, त्याच वेगाला ६३ फेरे होतात. घाट तोच, वेळ तोच, पण ३९-२५ च्या गिअरमध्ये प्रत्येक फेऱ्याला पायावर दीडपटीहून जास्त जोर येतो. ४० फेऱ्यांवर बसून राहणं शरीराला झेपत नाही. मग हात हँडल ओढायला लागतात, कंबर ताठ होते, आणि शेवटी माणूस वजन टाकायला उभा राहतो.

पसरणी घाट वाईहून पाचगणीपर्यंत बारा-तेरा किलोमीटर जातो आणि सरासरी चढ साडेचार-पाच टक्क्यांच्या घरात राहतो, त्यामुळे तिथे जड गिअरही खपून जातो. यवतेश्वरचा घाट लांबीला कमी, पण साताऱ्यातलं समर्थ मंदिर मागे पडतं न पडतं तोच चढ सुरू होतो. पसरणी बसून निघाला म्हणून यवतेश्वर निघेलच असं धरू नका.

हायब्रिडवाल्यांचा प्रकार वेगळाच असतो. पुढे तीन चेनरिंग, त्यातली लहान २८ ची. मागे मोठी चकती २८ ची. म्हणजे एकास एक गिअर घरातच आहे, पण लहान चेनरिंगवर चेन वर्षानुवर्षं पडलेलीच नसते. कारण साधं असतं. पुढच्या डेरेलरचा (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाचा) आतल्या बाजूचा, म्हणजे एल खुणेचा स्क्रू जास्त आवळलेला असतो, किंवा केबल गंजून अडकलेली असते. चेन पुढे लहान आणि मागे सगळ्यात मोठ्या चकतीवर ठेवा. डेरेलरच्या आतल्या पट्टीत आणि चेनमध्ये अर्धा ते एक मिलिमीटर फट दिसेल एवढा तो स्क्रू पाव-पाव फेऱ्यानं सैल करा. जास्त सैल केलात तर चेन आत पडून फ्रेम खरवडेल. पाच मिनिटांचं काम आहे, आणि त्यासाठी नवी सायकल घ्यायला निघालेली माणसं असतात.

रोडबाइकवर ११-२८ ची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच; आकडे सगळ्यात लहान आणि मोठ्या चकतीच्या दातांचे) काढून ११-३२ किंवा ११-३४ ची बसवणार असाल तर आधी मागच्या डेरेलरची मर्यादा बघा. आखूड पिंजऱ्याचा (चेन ताणून धरणारा खालचा भाग आखूड असलेला) डेरेलर बहुधा २८-३० पर्यंत झेपतो, ३४ साठी मध्यम किंवा लांब पिंजरा लागतो. कॅसेट मोठी झाली की जुनी चेन आखूड पडते. डेरेलरमधून न ओवता नवी चेन पुढच्या मोठ्या चेनरिंगवरून आणि मागच्या मोठ्या चकतीवरून गुंडाळा आणि टोकं जुळतात तिथून दोन कड्या जास्त ठेवून तोडा. आखूड चेनवर चुकून मोठं-मोठं पडलं तर डेरेलर हँगरसकट (फ्रेमच्या ज्या कानावर तो बसतो त्यासकट) उपटून येतो.

उभं राहिल्यावर धाप का लागते

बसलेलं असताना शरीराचं वजन सीट पेलते. उभं राहिलं की तेच वजन पाय, कंबर आणि हात पेलतात, आणि त्याची किंमत हृदय मोजतं. मध्यम चढावर, त्याच वेगाला, उभ्यानं चढताना ठोके मिनिटाला पाच-दहानं चढलेले दिसणं नेहमीचंच. चढ दहा टक्क्यांच्या पुढे गेला, किंवा जोर तसाही शिगेला पोचला, की हा फरक मिटत जातो. तिथे उभं राहणं महाग पडत नाही.

एवढ्यानं दोन वळणांत धाप लागत नाही. धाप लागते ती चुकीच्या गिअरमध्ये उठल्यामुळे. बसून हलक्या गिअरमध्ये ७५ फेरे चाललेत आणि तसंच उठलात, तर पेडल पायाखालून निसटल्यासारखं खाली जातं. पाय रिकामे फिरतात, शरीर वर-खाली उडतं, तोल सांभाळायला हँडलवर भार येतो. उभ्यानं शरीराला ५५ ते ७० फेरे मानवतात. म्हणून उठायच्या आधी गिअर एक घर जड करायचा, चढ कमी असेल तर दोन घरं. आणि हे बसलेलं असतानाच. उभं राहून पूर्ण जोर चालू असताना गिअर बदललात तर चेन चकत्यांच्या मध्ये कडाडते, आणि एखादे दिवशी तुटतेही.

उठायची वेळही ठरलेली असते. एक पेडल माथ्यावरून पुढे सरकलं, घड्याळाचा काटा एक ते दोनच्या मध्ये असतो तिथे आलं, की त्याच पावलावर वजन टाकत उठा. उठणं त्या दाबातून यायला हवं. हँडल ओढून उठलात तर त्या क्षणी पेडलवरचा जोर तुटतो आणि सायकल तुमच्याखालून मागे येते. एकटे असाल तर वेगाची थोडी खोट. मागे कुणी चिकटून येत असेल तर त्याचं पुढचं चाक तुमच्या मागच्या चाकाला लागतं आणि पडतो तो. घाटात मागून जाणाऱ्यानं निदान एक चाकाचं अंतर सोडावं, आणि पुढच्यानं उठायच्या आधी "उठतोय" एवढं म्हणावं. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

उठल्यावर हात ब्रेकच्या मुठींवर, बोटं सैल. कमरेची जागा बघायची ती अशी: सीटचं नाक मांड्यांच्या मागच्या बाजूला हलकंसं घासत राहिलं पाहिजे. घासत नसेल तर तुम्ही फार पुढे गेला आहात, वजन हँडलवर पडतंय आणि मागचं चाक मोकळं झालंय. शरीर जवळपास सरळ रेषेत राहतं, डुलते ती सायकल. उजवा पाय खाली जाताना सायकल डावीकडे कलते, डावा जाताना उजवीकडे. हँडलचा प्रवास वीतभराच्या आत. नवख्याचं उलटं होतं: सायकल ताठ आणि खांदे मात्र डावे-उजवे. दहा पावलांतच हातांना मुंग्या येतात.

वीस ते तीस पावलं मारली की बसा. बसतानाही पेडल थांबवायचं नाही. पाय दाबात असतानाच कंबर मागे न्या, सीटवर टेका, आणि मग गिअर हलका करा. आधी हलका करून मग बसलात तर तोच रिकामा झटका परत येतो.

ही उठबैस दर तीन-चार मिनिटांनी एकदा, दम संपायच्या आधी. दमल्यावर उठणं म्हणजे खिसा रिकामा झाल्यावर उधारी काढणं. ठरवून उठलं की मांड्यांचा ताण बदलतो, बसण्याच्या जागेला रक्त मिळतं, कंबर मोकळी होते, आणि ठोके जे चढतात ते बसल्यावर मिनिटभरात उतरतात.

कुठल्या वळणावर उठायचं

आपण डावीकडून जातो, त्याचा इथे सरळ संबंध आहे. डावं नागमोडी वळण आलं की आपण वळणाच्या आतल्या बाजूला असतो. तिथे रस्ता कमी अंतरात तेवढीच उंची घेतो, म्हणून चढ एकदम अंगावर येतो. उजव्या वळणावर आपण बाहेरच्या बाजूला असतो आणि चढ मऊ असतो. तेव्हा डाव्या वळणाच्या दहा मीटर आधी गिअर एक घर जड, वळणात उभं, वळण संपलं की खाली. उजव्या वळणावर बसून श्वास भरून घ्यायचा. डाव्या वळणाचा चढ टाळायला रस्त्याच्या मध्यावर जाण्याचा मोह होतो, पण वरून येणारी गाडी नेमकं तेच वळण कापत येत असते.

उभ्यानं डुलताना सायकलला बसल्यापेक्षा जास्त रुंदी लागते, आणि पुढचं चाकही थोडं नागमोडी चालतं. यवतेश्वरच्या पुढे कास पठारावर फुलांचा हंगाम असतो तेव्हा शनिवार-रविवारी त्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. मागून गाडी घासून जाणार असं दिसलं तर बसूनच राहा.

यवतेश्वरच्या वर रस्ता पठारावर येतो आणि पश्चिमेकडे कासला निघतो. पावसाळ्यात वारा पश्चिमेचाच, म्हणजे थेट तोंडावर. घाटात ताशी ८-१० किलोमीटरला हवेचा अडथळा नगण्य, पण पठारावर समोरून वारा सुटला की उभा माणूस शीड होतो. वर चढ-उतार आले तरी तिथे बसून, कोपरं वाकवून जा.

बसलं की कंबर धरते

गिअर पुरेसा हलका असूनही कंबर धरत असेल तर तीन गोष्टी बघा. पहिली, पकड. हँडलच्या वरच्या आडव्या दांड्यावर हात ठेवा आणि एका हाताची बोटं मिनिटभर पियानो वाजवल्यासारखी हलवत चढा. जमत नसेल तर तुम्ही हँडल ओढताय, आणि ओढण्याचं दुसरं टोक कंबरेत आहे. दुसरी, सीटचा कल. सपाट जागी पाणसळ (लेव्हल) लावून बघा. नाक वर असेल तर घाटात ते आणखी वर जातं आणि कंबर गोल होते. सीट सपाट ठेवा, फार तर एक-दोन अंश नाक खाली. तिसरी, बसायची जागा. लांब, एकसारख्या चढावर सीटच्या मागच्या भागावर सरका म्हणजे नितंबांचे मोठे स्नायू कामाला लागतात. फार तीव्र टप्प्यात उलटं करायचं: नाकाकडे सरकून छाती खाली आणायची, नाहीतर पुढचं चाक हलकं होऊन दर पावलाला उचलायला लागतं. मागच्या कॅरियरवर सामान असेल तर हे हमखास होतं.

गुडघ्याचं थोडक्यात. पुढून दुखत असेल तर सीट खाली आहे किंवा गिअर जड आहे. मागून दुखत असेल तर सीट वर आहे. टाच पेडलवर ठेवून पेडल तळाला नेलं तर पाय सरळ व्हायला हवा, कंबर न कलता. फरक करायचा तो एका वेळी ३ ते ५ मिलिमीटरचाच. दुखणं आठवड्याच्या वर राहिलं तर डॉक्टरांना दाखवा, पाना बाजूला ठेवा.

उभं राहिलं की चेन सटकते

हा प्रकार चेष्टेवारी नेऊ नका. पूर्ण वजन एका पेडलवर असताना चेन दात सोडून पुढे गेली तर माणूस थेट फ्रेमच्या आडव्या नळीवर येतो. बसून चढताना न सटकणारी चेन उभ्यानं सटकते, कारण जोराचा कमाल आकडा उभ्यानंच येतो.

चेन मोजायला स्टीलची फूटपट्टी पुरते. चेन ताणलेली असताना एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा आणि चोवीस पिना पुढे मोजा. नवी चेन बरोबर १२ इंच भरते. १२ आणि एक-सोळांश इंच भरली तर अर्धा टक्का ताणलीय. ११ किंवा १२ चकत्यांच्या कॅसेटला तिथेच बदलावी. १२ आणि एक-अष्टमांश भरली तर एक टक्का ताणलीय, आणि तोपर्यंत तिनं कॅसेटही खाल्लेली असते. अशा कॅसेटवर नुसती नवी चेन टाकली की ती आणखी सटकते. "नवी चेन घातली आणि बिघडलं" या तक्रारीचं मूळ इथे आहे. नेहमीच्या वापरातल्या दोन-तीन चकत्यांवरच सटकत असेल तर कॅसेट गेली. सगळ्याच चकत्यांवर सटकत असेल आणि चेन बरी असेल, तर हब किंवा फ्रीव्हीलमधली कुत्री (चाकाला एकाच दिशेनं अडकवणारे खटके) घसरतात. मागून बघताना डेरेलरचा पिंजरा चकत्यांना समांतर दिसत नसेल तर हँगर वाकलाय. सायकल उजव्या अंगावर पडल्यावर हे होतंच.

आवाज कधी येतो त्यावरून जागा शोधा

बसून करकर आणि उभं राहिलं की बंद: सीटपोस्ट किंवा सीटचे बोल्ट. सीटपोस्ट काढा, पुसा, ग्रीस लावून परत घाला. कार्बन असेल तर ग्रीस नको, कार्बनची पेस्ट.

फक्त उभ्यानं करकर: स्टेम (हँडल धरणारा तुकडा), हँडल, हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग). बोल्टवर टॉर्कचा आकडा लिहिलेला असतो, बहुधा ५-६ न्यूटन-मीटर.

दोन्ही वेळा, पेडलच्या तालात: पेडलचे आटे, चेनरिंगचे बोल्ट, बॉटम ब्रॅकेट (दोन्ही पेडलांमधल्या आसाचं बेअरिंग), याच क्रमानं, म्हणजे स्वस्तापासून महागाकडे. पेडल काढून आट्यांना ग्रीस लावली तरी निम्मे आवाज जातात. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, जोर लावण्यापूर्वी हे आठवा.

उभं राहिलं की खस्-खस्, चाकाच्या फेऱ्यात एकदा: ब्रेक घासतोय. आधी चाकाचा क्विक रिलीज सैल आहे का बघा, मग चाक हातानं आडवं हलवून हबमध्ये खेळ आहे का, मग ताऱ्या (स्पोक). रिम ब्रेकला दोन्ही बाजूंना दीड-दोन मिलिमीटर फट हवी. पुढे सस्पेन्शन असेल तर घाटात ते लॉक करा, नाहीतर उभ्यानं दिलेला काही जोर फोर्क दाबण्यात जातो.

मागचं चाक घसरत असेल तर पावसात, शेवाळ धरलेल्या कडेला किंवा वाहून आलेल्या जांभ्याच्या खड्यांवर उठायचंच नाही. वजन मागे, गिअर हलका, पेडल गोल. टायरमध्ये हवा दगडासारखी भरू नका. ७० किलोच्या माणसाला २८ मिलिमीटरच्या टायरला ७० ते ८० पीएसआय भरपूर झाले, ओल्या रस्त्यावर त्याहून ५ कमी.

दुरुस्ती झाली की नाही ते असं तपासा

घाट चढायच्या आधी साताऱ्याजवळ वाढे फाट्याच्या बाजूला वीस मिनिटं सपाटीवर हलक्या गिअरमध्ये फिरून या. थंड पायांनी थेट समर्थ मंदिराहून सुरुवात केली तर पहिल्याच किलोमीटरला लागलेली धाप काहीच सांगत नाही. मग घाटातला चारशे-पाचशे मीटरचा एकसारखा टप्पा निवडा. एकदा पूर्ण बसून, आणि खाली येऊन श्वास जागेवर आल्यावर एकदा वर सांगितल्याप्रमाणे उठबैस करत. वेळ दोन्हीला तोच ठेवायचा. घड्याळात ठोके दिसत असतील तर ते लिहा. नसतील तर टप्प्याच्या शेवटी एका श्वासात एक ते दहा मोठ्यानं मोजा. बसून दहापर्यंत पोचलात आणि उठबैशीत सहा-सातवर अडलात तर उठायच्या वेळचा गिअर किंवा पाऊल चुकतंय. बसूनसुद्धा पाचवर अडलात तर पेडलचे फेरे मोजा. साठच्या खाली असतील आणि हलका गिअर शिल्लक नसेल, तर पुढचा खर्च कॅसेटवर करा.